भरून, तोलून, मग आत

ताईंचा फोन आला तेव्हा तोलकाका बाहेरच्या खोलीतल्या गालिच्यावर पालथे पडून एका ओल्या डागाला फुंकर घालत होते.

"वन्संचा फोन आहे," तोलकाकू आतून म्हणाल्या. "घेताय ना?"

"मी घरी नाही म्हणून सांग!"

"सांगितलं. त्यांनी विचारलं, मग ओरडतंय कोण?"

तोलकाका गुडघ्यांवर रांगत फोनपर्यंत गेले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. फोनवर त्या आधी उत्तर द्यायच्या आणि मग प्रश्न विचारायच्या.

"हे बघ, रविवारी येतेय मी. चार वाजता टेंपो येईल. गालिचा न्यायचाय. नव्या घराची बाहेरची खोली चांगली ऐसपैस आहे. गालिचा बरा आहे ना?"

"अगदी होता तस्सा आहे."

"तुझ्या हाती दिलेलं काही होतं तसं राहिलंय का कधी? म्हणून विचारलं."

फोन ठेवून तोलकाकांनी बोटं मोजली. आज शुक्रवार. उद्या कामाचा दिवस. त्यांनी पुन्हा एकदा डागाकडे पाहिलं. डागानेही त्यांच्याकडे पाहिलं असावं, कारण तो मघापेक्षा मोठा दिसत होता.

तोलकाकांचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. एका मोठ्या गोदामाच्या दारातल्या वजनकाट्यावर ते तीस वर्षं बसत होते. ट्रक काट्यावर उभा राहिला, काटा थरथरून थांबला, की खिडकीतून आकडा मोठ्याने सांगायचा आणि चिठ्ठी फाडून द्यायची, हे त्यांचं काम. गोदामाचा नियम एकच होता: भरून, तोलून, मग आत. अर्धवट भरलेला माल आत जायचा नाही, न तोललेला तर नाहीच नाही. तीस वर्षांत हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की ते भाजीची पिशवीसुद्धा उंबऱ्यावर क्षणभर हातात झुलवून मगच आत आणत. जड ते खरं, हलकं ते फसवं, अशी त्यांची श्रद्धा होती. कुलूप घ्यायचं तर सगळ्यात जड, तवा घ्यायचा तर सगळ्यात जड. घरातली छत्री अशी भक्कम होती की पावसात ती धरण्यापेक्षा भिजलेलं परवडायचं.

गालिचा मात्र ताईंचा. तीन वर्षांपूर्वी त्या लहान घरात राहायला गेल्या, तेव्हा गालिचा आणि एक तिकोनी शेल्फ त्यांनी भावाकडे ठेवायला दिलं. शेल्फ स्वतःच्या हाताने गालिच्याच्या दाराकडच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि सूचना दिल्या. चपला नकोत. खाणंपिणं नको. शेल्फ हलवायचं नाही, नाहीतर कोपरा उचलला जातो. तीन वर्षं नवरा-बायको खोलीत भिंतीला धरून चालत होते, जणू मध्ये खोल विहीर आहे. आणि गुरुवारी संध्याकाळी तोलकाकांनी कॉफीचा कप खुर्चीच्या हातावर ठेवला आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. पान नीट उलटलं. कपही नीट उलटला.

एखाद्या धीराच्या माणसाने तिथेच सगळं कबूल केलं असतं. पण ताईंना भावाच्या हातून आजवर सांडलेलं, फुटलेलं, हरवलेलं सगळं पाठ होतं. दुधाची किटली, शेजाऱ्यांचं घड्याळ, ताईंचा चष्मा, ताईंचा दुसरा चष्मा. ही यादी त्या चारचौघांत म्हणून दाखवत आणि शेवटी 'धांदरट' हा शब्द असा म्हणत, जसं पत्राखाली सही करावी. तोलकाका आता चोपन्न वर्षांचे होते. गोदामात त्यांच्या शब्दावर ट्रक मागे फिरत. तरी ताई आल्या की ते आठ वर्षांचे होऊन भिंतीला टेकून उभे राहत.

"एकदा," ते काकूंना म्हणाले, "आयुष्यात एकदा तरी तिने मला शाबास म्हणावं गं. गालिचा तीन वर्षं सांभाळला तेव्हा वाटलं होतं, या वेळी म्हणेल."

तोलकाकू कमी बोलणाऱ्या. त्यांनी मिठाची बरणी पुढे केली.

मीठ झालं. सोडा झाला. लिंबू झालं. कपड्यांची पावडर झाली. डाग फिका पडत गेला हे खरं, पण प्रत्येक उपायागणिक पसरतही गेला. गुरुवारी तळहाताएवढा होता, शुक्रवारी हातरुमालाएवढा, शनिवारी संध्याकाळी उशीच्या अभ्र्याएवढा.

"आता थांबा," काकू म्हणाल्या. "अजून एक उपाय केलात तर सगळा गालिचा एकाच रंगाचा होईल."

"मग बरंच की! डाग दिसणारच नाही."

काकूंनी त्यांच्या हातून लिंबू काढून घेतलं.

दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. त्यांनी सांगितलं की बाजाराच्या टोकाच्या दुकानात गालिचे धुण्याची मशीनं दिवसभरासाठी भाड्याने मिळतात. पाणी फवारतं, लगेच शोषून घेतं, डाग गायब. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी दोघं शटरसमोर उभे होते.

दुकानात मशीनं रांगेने मांडली होती. दुकानदाराने एक छोटं, बादलीएवढं मशीन पुढे ओढलं.

"डाग आहे ना? मग हे न्या. गाडीच्या सीटा, सोफे, एखादा कोपरा, सगळं होतं. काकू एका हाताने नेतील."

काकूंनी ते एका हाताने उचललंही. "हेच घेऊ या."

तोलकाकांनी ते त्यांच्या हातून घेतलं, एकदा झुलवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पाच किलो आठशे," ते म्हणाले. "यात काही दम नाही."

"काका, पोर्टेबल आहे ते. हलकंच असणार."

"आणि ते?"

कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी दबा धरून बसलं होतं. दुकानदाराने ताडपत्री काढली. आडव्या पाडलेल्या छोट्या फ्रीजएवढं धूड. दोन पाइप, चार चाकं, पुढे-मागे एकेक दांडा.

"तेही पोर्टेबलच."

"तेही?" काकूंनी विचारलं.

"हॉटेलवाले नेतात, काकू."

"कसं नेतात?"

"चौघं येतात."

तोलकाका त्या मशीनभोवती हळूहळू फिरले, जसे ते ट्रकभोवती फिरत. मग त्यांनी त्याला गुडघ्याने एक धक्का दिला. मशीन हललं नाही. तोलकाका हलले. त्यांच्या डोळ्यांत आदर दाटून आला.

"एक्कावन्न," ते म्हणाले.

दुकानदाराने वाकून मागची पट्टी वाचली. "अरे बापरे! एक्कावन्न किलोच. कसं काय ओळखलंत?"

इथे सगळं संपलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर पसरलेलं ते हसू पाहून काकूंनी ओळखलं की आता स्वतः देव खाली उतरून आला तरी छोटं मशीन घरी यायचं नाही. तरी त्यांनी एकदा प्रयत्न केला.

"अहो, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"चाकं आहेत की त्याला."

"पायऱ्याही आहेत आपल्याकडे."

"हलक्या मशीनने हलका डाग जातो," तोलकाका समजुतीच्या सुरात म्हणाले. "आपला डाग बघितलायस ना?"

दुकानदाराने निघताना दोनदा बजावलं, "सहाच्या आत परत आणा. आणि एक लक्षात ठेवा. टाकीत पाणी भरल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कोरडं चाललं तर पंप जळेल."

"आधी भरायचं," तोलकाकांनी मान डोलावली. त्यांना हा माणूस आपल्यातला वाटला.

टेंपोवाल्याने आणि दुकानातल्या दोघांनी मशीन इमारतीच्या अंगणात उतरवलं आणि ते मागे न बघता निघून गेले. काकू खोली आवरायला पुढे वर गेल्या. तोलकाका अंगणात मशीनपाशी एकटेच उरले, आणि तिथेच, नळाशेजारी, त्यांना गोदामाचा नियम आठवला. भरून, तोलून, मग आत. त्यांनी नळाला पाइप लावला आणि टाकी काठोकाठ भरली. चाळीस लिटर. थेंबही सांडला नाही, याचं त्यांना समाधान वाटलं.

मग त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या पीटी मास्तरांना हाक मारली.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिट्टी अजून गळ्यात होती. "उचलण्याचं एक शास्त्र असतं, काका," बाह्या सावरत ते म्हणाले. "पाठ ताठ, गुडघे वाकवा, श्वास पोटात. मी मोजतो. एक, दोन..."

तीनवर मशीन जमिनीपासून चार बोटं वर आलं आणि दोघांचेही डोळे तेवढेच बाहेर आले.

पहिला मजला कसाबसा गाठला. पायरीवर मशीन टेकवायचं, श्वास घ्यायचा, मास्तरांनी मोजायचं, पुन्हा उचलायचं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर मशीनचा मागचा दांडा कठड्यात शिरला, पुढची चाकं भिंतीला टेकली आणि ते तिथे असं बसलं, जसं एखाद्या पाहुण्याने मुक्काम ठरवावा.

"काका," मास्तर धापा टाकत म्हणाले, "दुकानदाराने वजन खरं सांगितलंय ना?"

"त्याने नाही, मीच सांगितलं. एक्कावन्न."

"मग आत डुचमळतंय काय?"

"पाणी."

"किती?"

"चाळीस लिटर."

मास्तरांनी बोटांवर बेरीज केली. "म्हणजे एक्क्याण्णव किलो झाले, काका."

तोलकाकांनी कठडा धरला. पंधरा टनी ट्रकमध्ये पोतं कमी भरलं तर त्यांना नुसत्या टायरांवरून कळायचं. पण हे त्यांना कळलं नव्हतं. कारण सरळ होतं. त्यांनी आयुष्यभर वजनं वाचली होती, उचलली कधीच नव्हती.

"मग सोडून द्या पाणी!" वरून आवाज आला. शिवणवाल्या बाई हातात हँगरला लावलेला गुलाबी झगा घेऊन पायरीवर उभ्या होत्या. "मला खाली जायचंय. गिऱ्हाईक फाटकात थांबलंय."

"इथे सोडायचं?" मास्तर दचकले. "माझं दार आहे बरोब्बर खाली!"

"मग मशीन मागे घ्या."

"मागे येत नाही."

"मग पुढे."

"बाई, पुढे-मागे आलं असतं तर आम्ही इथे हवा खायला थांबलो असतो का?"

शेवटी बाईंनी झगा मशीनवरून मास्तरांच्या हाती दिला आणि स्वतः मशीनवर चढून पलीकडे जायचा प्रयत्न केला. टाकीवर पाय ठेवताच आतलं पाणी असं खदखदलं की त्या किंचाळून पुन्हा वर गेल्या. मास्तर मात्र हातात गुलाबी झगा धरून खाली अडकले. झगा मळू नये म्हणून त्यांनी तो खांद्याच्या उंचीवर समोर धरला होता. सवयीने दोन्ही टाचा जुळलेल्या होत्या.

"कोण मेलं बाई जिन्यात मधोमध सभा भरवतंय?"

हा आवाज खालून आला. तोलकाकांच्या हातातला कठडा ओला झाला. चार वाजायला तीन तास होते.

ताई पायऱ्या चढून आल्या. आधी त्यांना झगा दिसला, मग झग्यामागचे मास्तर, मग मशीन आणि मशीनच्या पलीकडे भिंतीला टेकून उभा असलेला भाऊ.

"ताई, तू? इतक्या लवकर?"

"म्हटलं आधीच येऊन गालिचा आपल्या हाताने गुंडाळावा. तुम्हाला मेलं जमायचं नाही ते. कुणी हलवला नाहीये ना त्याला?"

"नाही, नाही!"

"हे काय आहे?"

"मशीन."

"ते मला दिसतंय. कसलं?"

तोलकाकांनी वर बघितलं, खाली बघितलं. "गाद्या धुवायचं."

"आणि आत काय भरलंयस?"

"पाणी."

"का? वर नळ नाहीत तुमच्याकडे?"

मास्तर हळूच म्हणाले, "हा प्रश्न आमच्या डोक्यातच आला नाही."

"धांदरट," ताई म्हणाल्या. आजची सही झाली. मग त्यांनी पदर खोचला आणि वर तोंड करून हाक मारली, "अगं, बादली आणि मग घेऊन खाली ये बघू!"

काकू बादली घेऊन आल्या. ताईंनी मशीनचं झाकण उघडलं आणि मगाने पाणी उपसायला सांगितलं. एवढं साधं होतं. बादली भरायची, शिवणवाल्या बाईंकडे द्यायची, बाईंनी ती दुसऱ्या मजल्यावर आपल्या न्हाणीत ओतायची. चार बादल्यांत टाकी रिकामी झाली आणि मशीन कठड्यातून सुटलं. मास्तरांनी झगा खुंटीला अडकवावा तसा जिन्याच्या खिडकीला अडकवला आणि मोजायला तोंड उघडलं.

"मोजू नका," ताई म्हणाल्या. "उचला."

पुढचा दांडा एकट्या ताईंनी धरला, मागचा दोघा पुरुषांनी. त्रेसष्ट वर्षांची बाई पुढे आणि मागे दोन लटपटणारे पुरुष, अशी ती वरात तिसऱ्या मजल्यावर पोचली. ज्या डागाचा ताईंना पत्ता लागू नये म्हणून हे मशीन आणलं होतं, ते शेवटी ताईंनीच घरात आणून ठेवलं. मास्तर जिन्यावरूनच परत फिरले. त्यांची पाठ आता शास्त्राप्रमाणे ताठ राहिली नव्हती.

घरात शिरताच तोलकाका धावले आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात, डागावर, मांडी घालून बसले.

"अरे, खुर्चीवर बस की. दमलायस."

"नको. जमिनीवर बसलं की पाठीला बरं असतं."

ताईंनी फार आग्रह केला नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. दाराकडच्या कोपऱ्यातलं तिकोनी शेल्फ जागेवर आहे ना, हे त्यांनी आधी पाहिलं, मग पाणी प्यायल्या, मग पुन्हा शेल्फाकडे पाहिलं. मग त्यांची नजर मशीनवर गेली आणि तिथेच थांबली.

"काय रे, गाद्या धुतं म्हणजे गालिचाही धुत असेल, नाही?"

तोलकाका बसल्या जागी ताठ झाले. "का गं?"

"काही नाही. मशीन आलंच आहे तर म्हटलं गालिचा धुऊन घेऊ. नव्या घरात स्वच्छ जाईल."

"हो, हो!" तोलकाका म्हणाले. "आत्ताच घेऊ धुऊन!"

"आत्ताच्या आत्ता!" ताई म्हणाल्या.

तोलकाकूंच्या भुवया वर गेल्या. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी या बहीण-भावांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं पाहिलं नव्हतं. घड्याळात किती वाजले यावरही दोघं भांडत. आणि आज दोघं एकाच दमात हो म्हणत होती.

"पडदे लावा गं," ताई म्हणाल्या. "ओल्या गालिच्यावर ऊन पडलं की रंग उडतो."

काकूंनी पडदे लावले.

"आणि दिवाही मालव," तोलकाका म्हणाले. "मशीन मोठं आहे, विजेवर ताण नको."

"बरोबर आहे त्याचं," ताई म्हणाल्या.

भर दुपारी काळोख्या खोलीत गालिचा धुवायला सुरुवात झाली. टाकी पुन्हा भरली, या वेळी घरातल्या नळाने, वीस पावलांवरून. बटण काकूंच्या हाती आलं. पाण्याचा फवारा मारून शोषून घेणारा लांब दांडा मात्र तोलकाकांनीही धरला आणि ताईंनीही.

"इकडून सुरू करू या, खिडकीकडून," तोलकाका म्हणाले.

"शहाणाच आहेस! झाडताना कुणी खिडकीकडून झाडतं का? दाराकडून करायचं."

"ताई, तू बस. तू पाहुणी आहेस."

"मी कसली पाहुणी? गालिचा माझा आहे."

"म्हणून तर म्हणतो, तू कशाला त्रास घेतेस?"

"अरे, त्रास कसला? मला आवडतं."

"वन्सं," काकू शांतपणे म्हणाल्या, "पाच-पाच मिनिटं घ्या दोघं."

पहिली पाळी तोलकाकांनी मिळवली. बसल्या जागेवरून ते इंच-इंच मागे सरकत आणि जेवढा डाग उघडा पडे तेवढ्यावर दांडा फिरवत. मशीन असं गरजलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. ते वजनाला साजेसं काम करत होतं, हे मान्य करावंच लागेल. शोषणारा पाइप पारदर्शक होता. दांड्यापासून टाकीपर्यंत त्यातून काय जातंय ते बटणापाशी बसलेल्या काकूंना पडद्याच्या फटीतल्या उजेडात दिसत होतं. तपकिरी पाणी गेलं. मग फिकं तपकिरी. मग स्वच्छ.

तोलकाकांनी असा सुस्कारा सोडला की मशीनच्या आवाजातही तो ऐकू आला.

"झाली पाच मिनिटं," ताई म्हणाल्या आणि दांडा जवळजवळ हिसकावून घेतला. "तुम्ही दोघं जरा चहाचं बघा. शेल्फ मी सरकवते."

"वन्सं, जड आहे ते."

"एवढं धूड चढवलं मी, शेल्फाचं काय घेऊन बसलीस?"

तोलकाका आनंदाने चहा टाकायला गेले. बटणापाशी कुणीतरी हवं म्हणून काकू बसूनच राहिल्या. ताईंनी शेल्फ बाजूला केलं, त्या कोपऱ्याकडे तोंड आणि काकूंकडे पाठ करून बसल्या, पदर दोन्ही बाजूंना तंबूसारखा पसरला आणि दांडा खाली टेकवला.

पाइपातून निळं पाणी आलं.

काकूंनी डोळे बारीक केले. कॉफी निळी नसते. निळं पाणी बराच वेळ येत राहिलं, मग जांभळं झालं, मग पुन्हा निळं. हा काल-परवाचा डाग नव्हता. वर्षानुवर्षं मुरलेला होता, आणि मशीन एक्कावन्न किलोचं नसतं तर निघालाही नसता. ताई मागे न वळता म्हणाल्या, "किती धूळ बसलीय बघ."

"हो ना," काकू म्हणाल्या.

मग सगळा गालिचा धुऊन झाला. या वेळी दोघांनीही न भांडता, आळीपाळीने, अगदी प्रेमाने दांडा फिरवला. पडदे काकूंनी उघडले. उन्हात गालिच्याच्या लाल रंगावरच्या हिरव्या वेली अशा उठून दिसल्या की तिघंही वाकून बघू लागली. तोलकाकांनी खिडकीचा कोपरा पाहिला. ताईंनी दाराचा पाहिला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही हसली.

चहा घेताना (गालिच्यापासून चांगलं चार हात लांब बसून) ताई एकदम मऊ झाल्या.

"खरं सांगू? मी घाबरत घाबरतच आले होते. पण तू नीट सांभाळलास हो. एवढासा ओरखडा नाही, डाग नाही. शाबास."

तोलकाकांचा कप बशीवर थांबला. या शब्दासाठी ते चोपन्न वर्षं थांबले होते. आता तो आला तर त्यांनी सवयीप्रमाणे आधी तो मनातल्या मनात झुलवून पाहिला. फारच हलका लागला. आत काहीच भरलेलं नव्हतं. असला माल त्यांनी तीस वर्षांत एकदाही आत सोडला नव्हता.

काकूंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवून नको-नको केलं. पण उशीर झाला होता.

"ताई," तोलकाका म्हणाले. "मला शाबास म्हणू नकोस. गाद्याबिद्या काही नव्हत्या. तो डाग घालवायलाच मशीन आणलं होतं मी."

ताईंचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे शेल्फ हलवलं होतंस तू?"

"शेल्फ? नाही गं. शेल्फाचा काय संबंध?"

"मग तू म्हणतोयस तो डाग... कुठला?"

बोलून झाल्यावर ताईंनी जीभ चावली. पण तो प्रश्न चहाच्या कपांमध्ये येऊन बसला होता आणि कुणालाही तो उचलून बाजूला ठेवता येईना. तोलकाकांनी खिडकीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मग त्यांचं बोट आपोआप वळत वळत दाराच्या कोपऱ्याकडे गेलं आणि तिथे थांबलं. ताई खाली बघत बशीच्या कडेवरून बोट फिरवू लागल्या.

तोलकाकू उठल्या. टाकीत पाणी उरलंय एवढं पाहून त्यांनी कुणाकडेही न बघता मशीनचं बटण दाबलं. धुण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं, पण त्या धुडाचा आवाज असा होता की त्यात माणसाला जे सांगायचं ते निर्धास्त सांगता येत होतं. त्या फवारा न मारता नुसताच दांडा घेऊन स्वच्छ गालिच्यावर सावकाश फिरवत राहिल्या आणि मधूनमधून चोरून पाहत राहिल्या. ताई बोलत होत्या. ऐकू काही येत नव्हतं, पण हात दिसत होते. आधी त्यांनी दोन तळव्यांमध्ये वाटीएवढं अंतर दाखवलं. तोलकाकांनी मान हलवून आपलं दाखवलं. ते मोठं होतं. तेव्हा ताईंनी आजूबाजूला बघून घेतलं, पुढे सरकल्या आणि आपले हात हळूहळू लांब करत नेले, ताटापर्यंत, परातीपर्यंत, आणि तोलकाका डोळे विस्फारून, तोंडावर हात दाबून, लहान मुलासारखे हसत सुटले.